मावशी, ती काळी आहे म्हणून भीतीदायक आहे का?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं होतं, थोडं कमी करून देते:

"मी ४४ वर्षांची, बँकेत नोकरी. कॉलेजपासून मला जुन्या इंग्लिश गॉथिक कादंबऱ्यांचं वेड आहे, मोठा वाडा, पाऊस, बंद खोली, कमी बोलणारा मालक आणि त्याच्याकडे नोकरीला आलेली गरीब मुलगी, असं असलं की मी जेवण विसरते. माझी भाची अकरावीला आहे, सुट्टीत माझ्याकडे होती. मी तिला 'जेन आयर' दिलं. चार दिवसांत वाचलं आणि मला विचारते, 'मावशी, ती कोंडून ठेवलेली बायको काळी आहे म्हणून भीतीदायक आहे का?' मी म्हटलं, अगं त्या काळी असंच लिहायचे, तू स्टोरी बघ ना. ती गप्प झाली. दोन दिवसांनी 'वुदरिंग हाइट्स' द्यायला गेले तर म्हणाली, 'नको, त्यात पण वाईट माणूस काळाच असेल.' आमच्या घरात ती एकटीच सावळी आहे आणि लहानपणापासून सगळ्यांनी तिला त्यावरून ऐकवलंय. मी पण. दहावीच्या सेंडऑफच्या आधी मीच तिला बेसन-दह्याचा लेप लावायला बसवलं होतं. आता मला माझ्याच कपाटाकडे बघवत नाही. ही पुस्तकं काढून टाकू का? मला पंचवीस वर्षं हे दिसलं कसं नाही? आणि तिच्याशी काय बोलू?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्यासाठी वाईट वाटलं, दुसऱ्यांदा भाचीसाठी, आणि तिसऱ्यांदा वाचताना असं वाटलं की या मुलीने जे चार दिवसांत पाहिलं ते पाहायला मला कितीतरी वर्षं लागली. ज्यांनी 'जेन आयर' वाचलं नसेल त्यांच्यासाठी एका ओळीत: गरीब जेन रॉचेस्टरच्या वाड्यात शिकवणीला येते, दोघांचं लग्न ठरतं, आणि मग कळतं की त्याची पहिली बायको बर्था वेडी म्हणून वर माळ्यावर कोंडलेली आहे. मी एकोणीस वर्षांची असताना होस्टेलच्या खोलीत हे पुस्तक वाचलं, रात्री दोनपर्यंत जागून, आणि त्या माळ्यावरच्या बाईबद्दल माझ्या मनात फक्त एवढंच होतं की ही मेली म्हणजे जेनचं लग्न होईल. खरंच एवढंच. मी तिच्या मरणाची वाट बघत होते, आणि पुस्तकाने मला ती वाट बघायला लावली होती. म्हणून कपाटाचं आधी बघायला नको, आधी भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर काय आहे ते बघू, कारण तुम्ही तिला उत्तर दिलंच नाहीये अजून.

खरं उत्तर असं आहे की बर्था काळी आहे का ते पुस्तक सांगत नाही. ती जमैकातल्या स्पॅनिश टाऊनची, तिची आई क्रिओल, आणि क्रिओल हा शब्द तेव्हा वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या गोऱ्यांनाही लावायचे आणि मिश्र वंशाच्या लोकांनाही. वाचणाऱ्याच्या मनात एक शंका राहते, आणि ती शंका काढून टाकायची कोणालाच घाई नाही. पण तुमच्या भाचीने जे पकडलंय ते याच्या पुढचं आहे. रॉचेस्टर तिला पहिल्यांदा भेटतो तेव्हा ती उंच, सावळी, रुबाबदार, गावातले सगळे पुरुष तिच्यामागे. म्हणजे हवीशी असताना तो रंग रुबाबात मोडतो. आणि नको झाल्यावर? लग्नाच्या दोन रात्री आधी जेनच्या खोलीत कोणीतरी येतं, तिची लग्नातली जाळीची ओढणी फाडतं, आणि जेन दुसऱ्या दिवशी त्या चेहऱ्याचं वर्णन करते, रानटी, रंग गेलेला, सुजून काळवंडलेला. रॉचेस्टर म्हणतो भुतं तर फिकट असतात, आणि जेन म्हणते हे जांभळं होतं, ओठ सुजलेले आणि काळपट. मग वाड्यात सगळ्यांसमोर दार उघडतात तेव्हा ती चार पायांवर पळतेय, जनावर आहे की माणूस ते कळत नाही, आणि इंग्लिशमध्ये तिथे तिला 'ती' म्हणायच्या ऐवजी 'इट' म्हटलंय. आपल्याकडे 'ते पोर', 'ते लेकरू' असं आपण मायेनेही म्हणतो त्यामुळे मराठीत हे पटकन टोचत नाही, पण इंग्लिशमध्ये बाईला 'इट' म्हणणं म्हणजे तिला वस्तूत किंवा जनावरात ढकलणं.

तर भाचीला सांगायचं ते हे, की ती काळी आहे म्हणून भीतीदायक आहे असं पुस्तक म्हणत नाही, पुस्तक उलटं करतं, तिला भीतीदायक करायचं असलं की तिला आणखी काळं करत जातं. आणि हे कळायला तुझी मावशी पंचवीस वर्षं चुकली, तू चार दिवसांत ओळखलंस. हे वाक्य तिला तुमच्या तोंडून ऐकू दे.

आता "त्या काळी असंच होतं" याचं. ताई, हे वाक्य आपण सगळे वापरतो, मीही वापरलंय, पण ते खरं नाही म्हणून मला त्याचा राग येतो. शार्लट ब्रॉन्टेचं 'जेन आयर' १८४७ चं. इंग्लंडमध्ये गुलामांच्या मजुरीची साखर खायची नाही म्हणून हजारो घरांनी साखर सोडली ती १७९१-९२ च्या सुमारास, म्हणजे शार्लट ब्रॉन्टेच्या जन्माच्या पंचवीस वर्षं आधी, आणि ते बहुतेक बायकांनीच घरात ठरवलं होतं कारण साखर कुठून आणायची ते त्याच बघायच्या. १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला, १८३३ मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला, आणि त्या कायद्याने २ कोटी पाउंड भरपाई दिली ती गुलामांना नाही, मालकांना. हे सगळं पेपरात येत होतं, चर्चमध्ये बोललं जात होतं. आणि ब्रॉन्टेंच्या घराला तर हे अजिबात लांबचं नव्हतं, शार्लटचे वडील आयर्लंडच्या गरीब घरातून केंब्रिजला शिकायला आले तेव्हा त्यांच्या शिक्षणाला पैशांची मदत करणाऱ्यांमध्ये विल्यम विल्बरफोर्स होते, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं लढलेले तेच. म्हणजे त्या काळी लोकांना कळत होतं. काहींना कळत होतं, काहींना कळून घ्यायचं नव्हतं, आणि एकाच माणसाला एका बाबतीत कळायचं आणि दुसऱ्या बाबतीत नाही, जसं आजही होतं.

आणि हे शार्लटच्या बाबतीत किती खरं आहे ते बघा. पहिल्याच प्रकरणात दहा वर्षांची जेन तिला मारणाऱ्या भावाला म्हणते की तू गुलामांवरच्या मुकादमासारखा आहेस. पुढच्याच प्रकरणात स्वतःला बंडखोर गुलाम म्हणवते. मी हे वाचताना टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या, इतकी ती पोरगी मला आवडली. पण मग बर्थाचे वडील कोण, तर वेस्ट इंडीजमधले मळेवाले आणि व्यापारी, असं पुस्तकातच लिहिलंय, आणि त्या काळात जमैकातला मळा म्हणजे काय आणि तिथे राबणारे कोण हे प्रत्येक इंग्लिश वाचकाला माहीत होतं. रॉचेस्टरला बायकोबरोबर ३०,००० पाउंड मिळाले. ते पैसे कोणाच्या पाठीवरून आले? जे खरे गुलाम होते त्यांच्यातला एकही माणूस या जाडजूड पुस्तकात समोर येत नाही. त्यांचं दुःख फक्त उपमेला वापरलंय, गोऱ्या मुलीचं दुःख किती मोठं ते सांगायला. हे मला जेव्हा पहिल्यांदा दिसलं ना, तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

आणि ते ३०,००० पाउंड, ते तर आपल्या ओळखीचंच प्रकरण आहे. रॉचेस्टर धाकटा मुलगा, बापाला इस्टेटीची वाटणी करायची नाही, सगळं थोरल्याला द्यायचंय, मग धाकट्यासाठी पैसेवाली बायको बघितली, मुलगा तिकडे पाठवला आणि लग्न लावून दिलं. तो स्वतः म्हणतो की त्या लोकांना मी हवा होतो कारण मी चांगल्या वंशाचा, खानदानी. म्हणजे एका बाजूने हुंडा, दुसऱ्या बाजूने घराणं. हे सगळं बापाने आणि भावाने ठरवलं, पैसे यांनी घेतले, आणि शेवटी सगळा दोष कोणाच्या रक्तात निघाला? तिच्या. तिची आई वेडी होती, आई दारुडी होती, क्रिओल होती. रॉचेस्टर जमैकातल्या रात्रीचं वर्णन करतो ते ऐका, गरम, गंधकासारखी हवा, नरक, आणि मग युरोपकडून समुद्रावरून ताजा वारा येतो आणि त्याला जगावंसं वाटतं. तुमच्या भाचीला हे सांगायलाही नको, तिला ते दिसलंच असेल.

तुम्ही विचारलंय मला इतकी वर्षं दिसलं कसं नाही. ताई, त्यासाठी स्वतःला फार मारत बसू नका, पण उत्तर समजून घ्या. पुस्तक सगळं जेनच्या डोळ्यांनी आहे, "मी" म्हणून. आपण तिच्या आत बसलेलो असतो, गरीब, बुटकी, दिसायला साधी, कोणी न विचारणारी पण बुद्धीची आणि मानी, आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलींना पहिल्यांदा कोणीतरी आपल्यासारखं पुस्तकात भेटतं ते तिथे. मग जी तिच्या आड येते ती आपल्या आड येते. बर्थाच्या तोंडी एक वाक्यसुद्धा थेट येत नाही, ती काय बोलली ते फक्त तिचा भाऊ एकदा सांगतो. बाकी तिचं हसू. बाराव्या प्रकरणात जेन तिसऱ्या मजल्यावर येरझाऱ्या घालते आणि म्हणते की बायकांनाही पुरुषांसारखंच वाटतं, त्यांनाही काम हवं, मोकळीक हवी, नुसतं पुडिंग करून आणि मोजे विणून त्यांचं भागत नाही, हे पान मी माझ्या वहीत उतरवून ठेवलं होतं. आणि लगेच पुढच्या ओळीला ते हसू ऐकू येतं. म्हणजे बायकांच्या मोकळीकीचं ते भाषण जिथे चाललंय तिथेच भिंतीपलीकडे एक बाई कोंडलेली आहे. वहीत उतरवताना मी भाषण घेतलं आणि हसू सोडून दिलं. तुम्हीही तेच केलं असणार.

हे फक्त एका पुस्तकाचं नाही हेही तुम्हाला माहीत असावं, कारण भाची म्हणाली "त्यात पण". तिचा अंदाज बरोबर आहे. १८०६ मध्ये शार्लट डेकरने 'झोफ्लोया' लिहिली, त्यात मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या वंशाचा, काळा नोकर घरच्या मालकिणीला एकेक पापात ओढत नेतो, देखणा आहे, तिला हवासा वाटतो, आणि शेवटी कळतं की तो सैतानच होता. 'द मंक' लिहिणारा मॅथ्यू लुईस आणि 'वाथेक' लिहिणारा विल्यम बेकफर्ड, दोघांनाही जमैकातले मळे आणि तिथले गुलाम वारशात मिळालेले. बेकफर्डने त्या साखरेच्या पैशातून फॉन्टहिलला खराखुरा गॉथिक वाडा बांधला, आभाळाला टेकणारा मनोरा असलेला, आणि तो मनोरा १८२५ मध्ये कोसळला. म्हणजे आपल्याला ज्या वाड्यांचं वेड आहे त्यातला एक तरी उसाच्या मळ्यावर उभा होता. आणि अगदी अलीकडे या, व्हिक्टोरिया होल्टची 'द इंडिया फॅन' १९८८ ची, तुमच्या कपाटात असेलच, आमच्या लायब्ररीत तिची पानं सुटलेली होती इतकी वाचली जायची. त्यात हिंदुस्थानातून आलेला मोरपिसांचा पंखा शापित आहे, ज्याच्याकडे जाईल त्याचं वाईट करतो. मी चौथीत असताना वहीत मोरपीस ठेवायचे, त्याला पिल्लू होईल म्हणून पेन्सिलीचा भुगा घालायचे, आपल्याकडे ते कृष्णाच्या डोक्यावर असतं. आणि मी ती कादंबरी वाचताना त्या पंख्याला घाबरले! एवढं ते आत जातं.

आता 'वुदरिंग हाइट्स'. तिने नको म्हटलंय ना, तर आता नकोच, मागे लागू नका. पण तुम्ही स्वतः सातवं प्रकरण परत वाचा, तुमच्यासाठी सांगतेय. हीथक्लिफ कोण हे तेही पुस्तक सांगत नाही, लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं सावळं पोर, घरात आणल्यावर त्यालाही 'इट' म्हटलंय, घरातली मोलकरीण नेली सांगते की मी त्याला रात्री जिन्यावर ठेवून दिलं, वाटलं सकाळपर्यंत जाईल निघून. शेजारचा लिंटन त्याला बघून म्हणतो हा लास्कर असेल नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश कोणीतरी टाकलेला. लास्कर म्हणजे आपल्याकडून गेलेले खलाशी, शब्द आपल्या लष्करचाच भाऊ आहे, आणि पुढे मुंबईच्या बोटींवर या कामाला रत्नागिरीकडची कितीतरी माणसं होती. म्हणजे तुम्ही आणि मी ज्या भुताला घाबरत कादंबरी वाचतो ते कदाचित आपल्याच किनाऱ्यावरचं पोर आहे.

तर सातव्या प्रकरणात तो लहान हीथक्लिफ नेलीला म्हणतो, माझे केस पण सोनेरी असते, कातडी गोरी असती, तर. आणि नेली त्याची समजूत काढते. म्हणते मन चांगलं असलं की चेहरा छान दिसतो, अगदी तू पुरता काळा असतास तरी. आणि मग म्हणते, कोणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. किती प्रेमाने बोलते ती. मी हे वाचते तेव्हा मला माझी आत्या आठवते, आई आठवते, "रंगाचं काय गं, नाकीडोळी नीटस आहेस", "मन चांगलं पाहिजे". ताई, त्या प्रेमाच्या वाक्यात पण "तरी" आहे. काळं असणं ही सगळ्यात वाईट शक्यता धरूनच धीर दिलाय. भाचीला आपण सगळ्यांनी आयुष्यभर हेच "तरी" दिलंय, आणि लेप लावताना तुमच्या मनात वाईट काहीच नव्हतं हे मला माहीत आहे, नेलीच्याही नव्हतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. आफ्रिकेतून माणसं पकडून जहाजात भरून नेणं, त्यांना विकणं, ती गुलामगिरी, आणि आपल्या घरातलं गोऱ्या-काळ्याचं बोलणं, ही एकच गोष्ट नाही. भाचीशी बोलताना दोन्ही एकात घालू नका, नाहीतर तिला वाटेल आपल्या घरातल्या टोमण्यांची तुलना एवढ्या मोठ्या अत्याचाराशी करतोय, किंवा उलटं, ते तिकडचं आहे म्हणून आपलं काहीच नाही. तिने पुस्तकाबद्दल प्रश्न विचारला तो स्वतःच्या कातडीतून विचारला, म्हणून तुम्ही तिला दोन उत्तरं देणं लागता, एक पुस्तकाचं आणि एक घराचं. ती वेगवेगळी द्या.

पुस्तकाचं असं करा. तिला वाचायचं असेल तर, आणि तरच, 'जेन आयर'ची पंचवीस, सव्वीस आणि सत्तावीस ही तीन प्रकरणं दोघींनी मिळून परत वाचा, मोठ्याने, पेन्सिल घेऊन. जिथे जिथे रंगाचा शब्द येईल तिथे खूण करा, आणि कोणाच्या वर्णनात आलाय ते बघा. सत्तावीसमध्ये एक जागा आहे जिथे रॉचेस्टर बायकोबद्दल तिरस्काराने बोलतोय आणि जेन त्याला मध्येच तोडते, म्हणते तुम्ही तिच्याबद्दल निर्दयीपणे बोलताय, वेडी आहे यात तिचा काय दोष. सगळ्या पुस्तकात बर्थाच्या बाजूने स्पष्टपणे उभं राहिलेलं असं हे एक वाक्य मला सापडलं, आणि ते जेनचंच आहे. आणि स्वतः शार्लटने पुस्तक आल्यावर काही महिन्यांतच, १८४८ च्या जानेवारीत, एका पत्रात कबूल केलंय की या बाईबद्दल फक्त करुणा वाटायला हवी होती आणि मी भीतीवर जास्त भर दिला, ते चुकलं. ती वेडाबद्दल बोलत होती, रंगाबद्दल नाही, तिथपर्यंत ती पोचली नाही. पण चुकलं म्हणाली. मावशीला पण म्हणता येईल.

त्यानंतर जीन ऱ्हिसचं 'वाइड सारगॅसो सी', १९६६ चं. ऱ्हिस स्वतः डोमिनिका बेटावर जन्मलेली, तिने माळ्यावरच्या बाईला नाव दिलं, लहानपण दिलं, आवाज दिला. तिचं नाव मुळात अँटॉइनेट, आणि नवरा तिला बर्था म्हणायला लागतो, तिला नको असताना. तांदळात बायकोचं नवं नाव लिहिणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, मी तर ते वाचून आईला तिचं माहेरचं नाव विचारलं आणि परत त्याच नावाने हाक मारून बघितली, ती किती वेळ बघत राहिली माझ्याकडे. पण हे पुस्तक जड आहे, त्यात शरीराचं आहे, आत्महत्येसारखं आहे, तेव्हा आधी तुम्ही वाचा आणि मग भाचीला आत्ता द्यायचं की दोन वर्षांनी ते तुम्ही ठरवा. आणि तेही शेवटचं उत्तर नाही, त्यातली नायिका गोऱ्या मळेवाल्यांच्या घरातली आहे, तिला सांभाळणारी काळी क्रिस्टोफिन मध्येच गोष्टीतून निघून जाते, यावर समीक्षक गायत्री स्पिवाक यांनी १९८५ मध्ये लिहिलंय आणि मला ते पटतं.

हलकं काही हवं असेल तर विल्की कॉलिन्सचं 'द मूनस्टोन', १८६८ चं, १८५७ च्या बंडानंतर अकराच वर्षांनी. त्यात श्रीरंगपट्टणमच्या लुटीतला हिरा आहे, आणि चोर कोण म्हणायचं, परत न्यायला आलेले ब्राह्मण की लुटणारा साहेब, हे पुस्तक खरोखर विचारतं, आणि हिरा शेवटी सोमनाथाला पोचतो. कोडं सुटायला ज्याची सगळ्यात जास्त मदत होते तो एझ्रा जेनिंग्ज नावाचा सावळा, मिश्र वंशाचा माणूस, ज्याच्या चेहऱ्याकडे बघूनच गावातले लोक संशय घेतात. बाप इंग्लिश होता आणि आई, असं म्हणून तो थांबतो, पुढचं बोलतच नाही. भाचीला तो आवडेल असं मला वाटतं. "त्या काळी" याला हेही एक उत्तर आहे.

कपाट रिकामं करू नका. आवडलेलं पुस्तक टाकून दिलं की त्याने आपल्यात काय काय पेरलं ते बघायची सोयच राहत नाही, आणि भाचीला तर असं वाटेल की मी एक प्रश्न विचारला आणि मावशीने सगळी पुस्तकं रद्दीत घातली, पुढच्या वेळी ती विचारणारच नाही. मी जेनवर अजून प्रेम करते, अगदी खरं, पण हल्ली वाचताना तिसऱ्या मजल्यावर आलं की माझा वेग कमी होतो. शब्द बदलून, काळवंडलेलं वगैरे काढून टाकून नव्या आवृत्त्या काढायच्या असं कधीकधी कानावर येतं, ते मला नको वाटतं, तो चेहरा कोणी कसा रंगवला ते पुढच्या पोरींना दिसलं पाहिजे. फक्त एक करा, तुमचं प्रेम तिच्यासमोर डिफेंड करू नका. "पण जेन किती छान आहे", "पण भाषा बघ" हे सगळं खरं असलं तरी आत्ता नको. तिला ते "तरी" सारखं ऐकू येईल.

आणि घराचं उत्तर, त्याला पुस्तकाची गरजच नाही. दहावीच्या सेंडऑफच्या आधी मी तुला लेप लावायला बसवलं ते चुकलं, तू जशी आहेस तशी जायला पाहिजे होतीस. एवढंच. मागेपुढे कारण नको, आजी पण करायची नको, प्रेमाने केलं होतं नको. ती काही बोलली नाही तर चालेल, रडली तरी चालेल, "जाऊ दे मावशी" म्हणाली तर लगेच हुश्श करू नका. आणि पुढच्या लग्नात कोणी काकू तिच्यासमोर रंगाचं काढेल, काढणारच, तेव्हा तुम्ही तिथे असाल तर विषय बदलू नका, तिच्यासमोर त्या काकूंना सांगा की असं बोलू नका.

पुस्तकं दिवाळीला ती आली की काढा, तेवढा वेळ आहे. लेपाचं मात्र दिवाळीपर्यंत ठेवू नका, आज रात्री जेवण झालं की तिला फोन करा.